पंचमीच्या दुसऱ्या दिवशी चार टोपल्या

७ जुलै १९९२, मंगळवार. पेडगाव

कंबर धरली आहे. दिवसभर कुसुम आणि मी शेडमध्ये मेणकापडावर खत पसरून गांडुळं वेचत बसलो. संध्याकाळी पाहिलं तर टोपलीचा तळ जेमतेम झाकलेला. दोन वाफे होते तेव्हा हे वेचणं म्हणजे करमणूक होती, बापलेकीच्या गप्पांत उरकायचं. आता पोरीने आठ वाफे केलेत. गांडुळं वाढली, हात चारचे चारच.

तिला म्हटलं, गांडूळ चालतं कसं बघ. आधी आखडतं, मग लांब होतं, आणखी लांब. लगागा, लगागा. हुबेहूब भुजंगप्रयात. वर्गात बाकावर मूठ आपटून ताल धरायला लावायचो, शेजारच्या वर्गातले गुरुजी तक्रार घेऊन यायचे.

"नाना, वृत्त राहू द्या. तुमच्या मांडीवर चढायलंय एक."

१० जुलै, शुक्र.

चुडाव्याचे दिगंबरराव आले होते. तिकडच्या शेतकऱ्यांनी मिळून मंडळ काढलंय, गांडूळखताचे नवे वाफे घालायचेत. आमची शेड फिरून पाहिली. खत मुठीत दाबलं, वास घेतला, मान डोलावली. चार टोपल्या जिवंत गांडुळं पाहिजेत म्हणाले. ती तिकडे रुजली तर दसऱ्याला दुप्पट, आणि तिकडच्या बायांना शिकवायला कुसुमलाच बोलावणार.

कुसुम तेव्हा विहिरीवर. मीच ऐटीत बोलून गेलो, "पंचमीच्या दुसऱ्या दिवशी घेऊन येतो, सकाळच्या पॅसेंजरने." आवाज अगदी वर्गातला लागला. दिगंबरराव म्हणाले, झकास, त्या दिवशी सगळं मंडळ जमवून ठेवतो.

कु. आली. ऐकून आधी हसली, मग घागर खाली ठेवली. "चार?"

चहा झाला, भांडी घासून झाली, तेव्हा म्हणाली, "जमवू."

आजवर आम्ही एका वेळी अर्ध्या टोपलीवर कधी गेलेलो नाही.

१२ जुलै, रवि.

माधव आला होता परभणीहून. कचेरीतून मोठं क्वार्टर मिळालंय. त्याचं जुनंच. शेत बटईनं द्या, दोघं तिकडं चला, या वयात नाना उकिरडा उपसत बसलेत म्हणून लोक मला नावं ठेवतात. मनाचा वाईट नाही पोरगा. येताना माझ्यासाठी कंबरेचा पट्टा आणला होता. पण "कुसुमची घरकामात सुनीताला मदत होईल," असं म्हणाला तेव्हा चुलीपुढचा भाकरी थापायचा आवाज थांबला.

कु. सासर कायमचं सोडून आली, त्याला आता बरीच वर्षं झाली. आली तेव्हा कोणाशी बोलायची नाही. परभणीच्या शेतकी मेळाव्यातून मूठभर गांडुळं आणून फुटक्या रांजणात ठेवली, तिथून बोलायला लागली. आधी त्यांच्याशी, मग माझ्याशी.

जेवताना भावाबहिणीचं ठरलं. चुडाव्याची गांडुळं धड पोचली आणि तिथे रुजली, तर माधव परभणीचं नाव काढणार नाही. नाहीतर पोळा झाला की सामान हलवायचं.

"आता गांडुळांवर पैज का?" माधव.

"पैज न्हाई, दादा. शब्द."

मी वरणाचं भांडं पुढे ओढलं. दोघांनाही वाढलं.

१५ जुलै, बुध.

गवंड्याकडून वाळू चाळायची जाळी आणली. कल्पना माझी. खत खाली, गांडुळं वर, पाच मिनिटांत टोपली. प्रत्यक्षात ओलं खत जाळीला लापशीसारखं चिकटलं. जोरात हलवलं तर गांडुळं तारेत अडकली, काही तुटली. तुटलं की दोन होतात म्हणतात. होत नाहीत, आज पाहिलं.

कु. ने जाळी माझ्या हातातून काढून घेतली, धुतली, गवंड्याला परत देऊन आली. रागावली नाही. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

१९ जुलै, रवि.

आज लख्ख ऊन. नवा प्रकार. मेणकापडावर खताचे छोटे ढीग घातले, शंकूसारखे. उजेड सोसत नाही त्यांना, पोटात शिरतात. मग वरचं खत हाताने अलगद ओढून घ्यायचं, थांबायचं, पुन्हा ओढायचं. शेवटी तळाशी नुसती गांडुळं, ओल्या शेवयांच्या गुंत्यासारखी.

मी एकाच ढिगापाशी वाट बघत बसलो होतो. कु. म्हणाली, रांगेने ढीग घाला, एकावरून दुसऱ्यावर जात राहा, शेवटच्याला पोचाल तोवर पहिल्यातली खाली गेलेली असतील. खरंच. पाढे म्हणताना असंच व्हायचं, एक रांग म्हणते तोवर दुसरी दम घेते.

दुपारपर्यंत एक टोपली. एवढं पहिल्यांदाच. खुशीत दोन ओळी झाल्या:

नांगर नाही, बैलही नाही, तरी नांगरट चाले,
कुणी न पाही, कुणी न जाणे, रान कसे मऊ झाले.

कु. ला म्हणून दाखवल्या. म्हणाली, चांगल्या हायेत, पण टोपलीवर ओलं बारदान टाकायचं राहिलंय.

२२ जुलै, बुध.

कालपासून आभाळ भरलेलं. ढीग घालून बसलो, पण ऊनच नाही तर गांडुळं कशाला पळतात? वरच खेळत बसली. आम्हीही बसलो.

रविवारच्या टोपलीतली आज मलूल झाली होती. दाटीत ठेवली की जीव धरत नाहीत. कु. ने सगळी परत वाफ्यात सोडली. म्हणजे आधीपासून गोळा करून ठेवता येत नाहीत. जे काय वेचायचं ते जायच्या तोंडावर.

आईसारखीच आहे. तिची आई अशीच, करून झालेलं काम मोडताना चेहऱ्यावर काही दाखवायची नाही.

२९ जुलै, बुध. दिव्याची अवस

घासूनपुसून दिवे पाटावर मांडले. कु. ने तेवढ्यात कामाची वाटणी सांगितली. शनिवार, रविवार, सोमवार वेचणी, मंगळवारी गाडी. मदतीला कौसाबाई आणि तिची सून. कौसाबाईची मेंढरं आहेत, लेंड्या तीच टाकते आमच्या वाफ्यांत. दारातच उभी होती.

"सोमवारी कसं व्हईल? सोमवारी पंचमी हाय. पंचमीला मातीत नख घालायचं न्हाई."

कु. माझ्याकडे बघायला लागली.

"कामून ओ गुरुजी," कौसाबाई म्हणाली, "समद्या गावाला पंचांग तुमी सांगता, आन तुमालाच पंचमी दिसली न्हाई?"

दिसली नाही. चुडाव्याला शब्द देताना पंचमी मी रस्त्यावरच्या मैलाच्या दगडासारखी धरली, तिच्यापुढचा दिवस तेवढा मोजला. त्या दिवशी नांगर नाही, कुदळ नाही, विळी नाही, तवा नाही, हे आजन्म पाळत आलेला माणूस मी. माझ्या दोन्ही बाजूंना बायका हसत होत्या आणि मी समया पुसत होतो.

नंतर कु. ला म्हटलं, आपण दोघंच करू गुपचूप, गांडुळांना कुठे तिथी कळते.

"आई असती तर करू दिलं असतं?"

"विळीला हात लावू दिला नसता."

"मंग मी बी न्हाई लावणार."

२ ऑगस्ट, रवि.

काल-आज आभाळ तसंच. चौघं मिळून हातानेच वेचत होतो. मानेचे मणके ओळखीचे झाले. कौसाबाईची सून सुरुवातीला बोटांच्या चिमटीत धरायची, आज ओंजळीने उचलत होती.

दोन टोपल्या झाल्या, दाटी नको म्हणून ओलं खत घालून सैल भरल्या. दोन बाकी. उद्या हात लावायचा नाही आणि परवा सकाळी गाडी.

दिगंबररावांना निरोप धाडू का, दोनच आणतो म्हणून? कु. म्हणाली, "चार सांगितल्या तर चार. न्हाईतर दादा म्हणंल, अर्धंच झालं. आन खरंच म्हणंल."

३ ऑगस्ट, सोम. नागपंचमी

श्रावणी सोमवारही आजच. कु. ला उपास, मी पुरणाची दिंडं एकट्याने खाल्ली. तिने उकडून दिली, वर तूप सोडलं. पंचमीला पोरी माहेरी येतात, झोके बांधतात. लिंबाला दरवर्षीसारखा दोर बांधला मी. आमची पोर कायमच माहेरी, तरी आज झोक्यावर बसली की आलीच आहे असं वाटतं.

सकाळी भलतंच झालं. ओढ्याकाठचं वारूळ यंदा पाण्याने खचलं, बायांना पूजेला जागा नाही. कौसाबाई ताट घेऊन चारसहा जणींसह थेट आमच्या शेडमध्ये.

कु. पुढे झाली. "मावशी, इथं कामून?"

"ताई, ही बी नागोबाच्याच कुळातली हायेत की. धाकली पाती."

आणि वाफ्यांवर दूध, हळदकुंकू, ज्वारीच्या लाह्या. ओंजळी भरभरून. एक वाफा सोडला नाही. गाणी म्हटली, फेर धरला. मी दारात उभा. गाण्यातली एक ओळ माझ्या आईच्या तोंडची होती, ती इतक्या वर्षांनी कानावर आली. पुढची आठवेना. शेडमध्ये काय चाललंय तेही विसरलो थोडा वेळ.

बाया गेल्यावर कु. चा चेहरा पाहिला. दूध आणि लाह्या म्हणजे मुंग्यांना आवतण. लाल मुंग्या शिरल्या की वाफा संपला. खरवडून काढावं तर आज मातीला नख नाही. कौसाबाईला बोलावं तर तिने जीव लावून केलेलं.

"काय करायचं?" मी.

"झाकू."

भिजलेली बारदानं आणून लाह्यांवर अंथरली, वर पाणी मारलं. वाफ्यांभोवती राखेची रेघ ओढली. कु. म्हणाली, राख टाकणं म्हणजे काही खणणं न्हाई. शास्त्रार्थ मला पटला.

तिने उपास सोडला तो नुसत्या दुधावर. दूध उरलं होतं ते.

४ ऑगस्ट, मंगळ.

रात्र झालीये, गाडीचा शीण आहे. तरी आजचं आजच लिहितो.

सकाळी फटफटलं तेव्हा कु. ने पहिल्या वाफ्यावरचं बारदान उचललं. मला वाटलं मुंग्या. ती नुसतं बारदान धरून उभी. जवळ गेलो. भिजून फुगलेल्या लाह्या, आणि त्यांत गांडुळं. किती म्हणून सांगू. खालच्या मातीतून वर येऊन लाह्यांना बिलगलेली, बारदानाच्या धाग्यांतून लोंबणारी. खणायचं नाही, वेचायचं नाही, ढीग घालायचा नाही. ओंजळीने उचलायची, टोपलीत सोडायची.

दुसरं बारदान, तिसरं. आठही वाफे उरकले, एवढ्या वेळात माझी पूजाही आटोपत नाही. राहिलेल्या दोन टोपल्या भरल्या, ज्याला चौघांना दोन दिवस लागले होते.

कु. खाली बसली. "नाना, आपण त्यांच्या मागं लागलो होतो. ती जेवायला येतात."

चार टोपल्या, वर ओली बारदानं. पॅसेंजरला गर्दी. डब्यात विद्यापीठाच्या नामांतरावरून दोन बाजू हमरीतुमरीवर आलेल्या. एकाने टोपलीकडे बोट केलं. "बाई, शेवया का?" कु. ने कोपरा उचलून दाखवला. दोन्ही बाजू एकदम पाय वर घेऊन बसल्या. पूर्णेपर्यंत कोणी भांडलं नाही.

चुडाव्याला मंडळ जमलं होतं. दिगंबररावांनी टोपल्या पाहिल्या. "गुरुजी शब्दाचे पक्के," म्हणाले. मी कु. कडे बोट केलं. तिने नव्या वाफ्यांत हात घातला आणि तिथल्या तिथे सांगितलं, शेण अजून गरम हाय, एवढ्यात सोडू नका, पाणी मारून निवू द्या, तोवर टोपल्या सावलीत. सगळ्यांनी माना हलवल्या. ऐकून माना हलवणं मी जन्मभर पाहिलंय, त्यातल्या किती माना ऐकतात तेही.

९ ऑगस्ट, रवि.

कु. ला ध्यास लागलाय. लाह्या रोज कुठून आणायच्या? भिजवलेली ज्वारीची कणी घालून पाहिली, येतात. काकडीची सालं, पिकून पडलेली पपई, येतात. मग बांबूच्या विरळ विणीच्या टोपलीत निवलेलं शेण आणि कणी भरून टोपलीच वाफ्यात बसवली. आज उचलली तर भरलेली, वीण ओलांडून आत आलेली. खत जागच्या जागी, गांडुळं टोपलीत. आठ काय, ऐंशी वाफे असले तरी दोन बायांचं काम, म्हणते.

कौसाबाईला सांगितलं, तुमच्या पूजेने शिकवलं. ती म्हणाली, "मी न्हाई ओ. धाकल्या पातीचाच कौल हाय तो." आणि लेंड्यांची पाटी रिकामी करून गेली.

चुडाव्याहून काही नाही. येईल.

१३ ऑगस्ट, गुरु. राखीपौर्णिमा

माधव, सुनीता आले. कु. ने राखी बांधली, नारळीभात केला. माधवने टोपलीचा प्रकार पाहिला, दोनदा उचलून पाहिली. "च्यायला," एवढंच म्हणाला. माझ्यासमोर पहिल्यांदाच. ऐकून बरं वाटलं.

सुनीताने कु. ला बाजूला घेऊन सांगितलं, मी मधून ऐकलं. "वन्सं, मी तुम्हाला मदतीला नाही मागितलं. ते यांचंच डोकं." दोघी हसत होत्या.

पण जाताना स्टेशनवर माधवला चुडाव्याचा ओळखीचा कोणी भेटला. माधव परत आला सांगायला, उन्हातून, धापा टाकत. मंडळाच्या वाफ्यांतली गांडुळं कडेने भिंतीवर चढताहेत, बाहेर पडताहेत, असं तो माणूस म्हणाला म्हणे.

कु. चुलीशी होती. "शेण निवू दिलं न्हाई," म्हणाली. मग, "किंवा नवी जागा. नव्या जागेत पहिले दिवस भटकतातच. आपली बी भटकली होती रांजणातून, आठवतंय ना?"

आठवतं. माझ्या चपलेत सापडलं होतं एक.

माधव म्हणाला, "मला काही घाई नाही, कुसुम." गाडी चुकली होती त्यांची. दोघं मुक्कामाला राहिले. भावाबहिणीने पत्ते खेळले, लहानपणासारखे, तसेच लबाडीने.

१६ ऑगस्ट, रवि.

कु. ने रिकामी टोपली धुऊन ठेवली. उद्या स्वतःच जाऊन बघते म्हणाली. गांडुळं गेली असतील तर दसऱ्याचं काम गेलं. काम गेलं तर शब्द. शब्द मोडणारी ती नाही, हीच पंचाईत.

मला कोणी विचारलं तर परभणीत माझं काही वाईट होणार नाही. वाचनालय आहे, नातवंडं आहेत. पण तिला तिथल्या ओट्याशी उभी कल्पून पाहिली, तर पहिल्या महिन्यातली कु. दिसायला लागते.

तिच्या पिशवीत भाकरीबरोबर गुळाचा खडा ठेवला.

१७ ऑगस्ट, सोम.

सकाळच्या पॅसेंजरने एकटीच गेली. मी येतो म्हटलं, तर "वाफ्यांवर पाणी कोण मारील?" सोबत एक रिकामी टोपली. परत आणावी लागली तर, म्हणाली.

दिवस मोठा गेला. पाणी मारलं. बारदानं ओली केली. एक कविता पाठ आहे का बघितली, शेवटचं कडवं गळलंय. दुपारी कौसाबाई लेंड्या टाकायला आली.

"ताई कवा येणार?"

"संध्याकाळच्या गाडीने."

"मंग तोंड कामून उतरलंय? आजच तर येणार हाय."

बाई सरळच बोलते. तिला चहा दिला. तिने विचारलं, तिकडची जगली असतील का. म्हटलं, काय माहीत. ती म्हणाली, मेंढरू बी नव्या वाड्यात आधी कुडाला धडका देतंय, मंग तिथंच बसतंय. न्हाईतर पळतंय. दोन्ही बघितलंय मी.

उद्या वाफ्यांत टोपल्या बसवायच्या. किती, ते चुडाव्यावर अवलंबून: दसऱ्याचं काम राहिलं तर नवे वाफे भरायला आठही वाफ्यांत, नाहीतर एखाद्यात. कु. ने काही सांगून ठेवलेलं नाही. मी आठही वाफ्यांची ज्वारी भिजत घातली. एवढी लागणार नसेल तर उद्या घुगऱ्या करू, मीठमिरची लावून. कौसाबाईकडेही देऊ.

शिट्टी झाली. गाडी आज वेळेवर. स्टेशनवरून यायला तिला वेळ लागेल, तोवर चहाचं आधण ठेवतो. दोघांचं.